निधान

दोरी नको. दोरी ढिली पडते.
सुंभ तर नकोच, कडा खातो.
सायकलची जुनी ट्यूब घ्यायची, उभी चिरलेली,
संकेश्वरात अझरभाई वीस रुपयाला चार देतो.
ती ताणते आणि परत जागेवर येते,
भांडून माहेरी गेलेल्या बाईसारखी.

आधी गोधडी. काच गोधडीकडं,
रुसलेलं पोर भिंतीकडं तोंड करून निजतं, तशी.
आडवा ठेवायचा नाही, उभाच न्यायचा:
हे चिकोडीच्या मेकॅनिकनं सांगितलं
तेव्हा आमचा पहिला टीव्ही
त्याच्या बाकड्यावर मरून पडला होता.

घर चाकांवर हाय आमचं.
पुढं ट्रॅक्टर, त्यामागं आकाशपाळण्याचे लोखंडी हात,
त्याच्याही मागं हा पत्र्याचा डबा.
चूल, तीन पेट्या, सासरे सत्याप्पा, पोरगी लावण्या,
आणि बत्तीस इंची हा.
माघात चिंचली, मग जत्रा बोलावतील तिकडं,
खानापूरच्या जंगलाच्या तोंडापर्यंत.

मी राधानगरीकडची.
लग्नाच्या पहिल्याच हंगामात, वंटमुरीच्या घाटात
सासरे डब्यातून ट्रॅक्टरकडं ओरडाय लागले,
निधान, निधान!
मला वाटलं, म्हातारा धन विचारतोय,
पुरलेला हंडा-बिंडा.
म्हटलं, इथं कुठलं निधान मामंजी,
दीडशे रुपये हायत डब्यात, तेबी डिझेलचे.
हसून हसून खोकला लागला त्यांना.
कन्नडात त्याचा अर्थ, सावकाश.

बसलिंगला ऐकू गेलं नाही.
उसाच्या दोन ट्रॉल्या समोरून आल्या,
त्यानं चाक दाबलं कडेला, खाली दगड,
भिंतीतला क्लॅम्प निघाला मुळासकट
दाढ निघावी तसा.

हा दुसरा. ह्यालाबी एक हिरवी रेघ पडली परवाच्या साली,
हत्तरगीचा टोल ओलांडल्यावर, न दिसलेल्या हंपवर.
वरपासून खालपर्यंत, मधोमध.
आता बातम्या देणारी बाई निम्मी अलीकडं, निम्मी पलीकडं.
बॅट्समन रेघेच्या ह्या बाजूला मारतो, झेल त्या बाजूला.
सासऱ्यांना फरक पडत नाही.
डोळ्यांत मोतीबिंदू, ते नुसतं ऐकतात,
सातला कन्नड बातम्या, साडेसातला मराठी,
आणि दोन्हींवर सारखंच चिडतात.

यंदा चिंचलीहून निघताना
मी टीव्ही बांधला.
दोन ट्यूबा आडव्या, एक तिरकी,
कोपऱ्यांना लावण्याच्या जुन्या चपलांचे तुकडे.
रिमोट तांदळाच्या डब्यात.
हलवून बघितला, हलला नाही.

मग बघितलं तर म्हातारा हलत होता.
अजून इंजिन सुरूबी नव्हतं.
मांडीवरचे हात, हनुवटी, सगळं आपलं आपण,
पाळणा थांबल्यावरबी पाळणा हलतो थोडा वेळ, तसं.
पोरगा म्हणाला असता, दवाखान्यात सोडू.
पोरगा पुढं पाळण्याच्या नटा मोजत होता.

एक ट्यूब उरली होती.
मी ती त्यांच्या कमरेमागून घेतली,
पेटीच्या कडीला,
मधी टॉवेल घातला, काचू नये म्हणून.
लाज मला वाटली. त्यांनी नाही.
त्यांनी गाठ चाचपली, दोन बोटं आत घालून बघितली,
तीस वर्षं लोकांच्या पोरांना पाळण्यात बांधलेला माणूस.
म्हणाले, गाठ बरी हाय. खरं
माझं तोंड भिंतीकडं नको करू.

दार उघडं ठेवलं मग मागचं.
धूळ येऊंदे.
रायबागच्या रस्त्याला ऊस जळल्याचा वास,
शाळेतून सुटलेली पोरं पाळण्याचे हात बघून धावाय लागली,
लावण्या एका हातानं टीव्ही धरून, एका हातानं आज्याला.
पहिला हंप आला.

तिघांनी एकदम ओरडलो.
कुठल्या भाषेत, ते बसलिंगला विचारा.